घरातले उंदीर : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पावसाळा लागला की हे प्रश्न येऊ लागतात आणि थंडी संपेपर्यंत येत राहतात. फ्लॅट, चाळ आणि कौलारू घर अशी तिन्ही ठिकाणं धरून उत्तरं दिली आहेत. घाईत असाल तर आधी ५, ६ आणि ७ वाचा. घरात लहान मूल, कुत्रं किंवा मांजर असेल, तर ११ आणि १२ वाचल्याशिवाय दुकानातून कुठलंही औषध आणू नका.

१. रात्री खुडबुड ऐकू येते, पण दिसत काहीच नाही. उंदीरच आहे हे कसं ओळखायचं?

लेंड्या शोधा. ओट्याखाली, सिलिंडरमागे, फ्रिजच्या मागे आणि माळ्याच्या कोपऱ्यांत टॉर्च मारून पाहा. ताजी लेंडी काळी, मऊ आणि जराशी चकचकीत असते. जुनी राखाडी पडते आणि काडीने दाबली की तिचा भुगा होतो.

लेंड्या सापडल्या नाहीत तर रांगोळी वापरा. झोपण्याआधी भिंतीच्या कडेला, साधारण चार बोटं रुंदीचा, अगदी पातळ थर पसरा. उंदीर भिंतीला अंग घासत जातो, त्यामुळे सकाळी रांगोळीत मोहरीएवढ्या बोटांचे ठसे आणि मधून शेपटीची बारीक रेघ दिसते. ठसे कुठल्या बाजूला जास्त आहेत ते लक्षात ठेवा, सापळा तिथेच लावायचा आहे.

२. घरातला उंदीर, मोठा उंदीर, घूस, चिचुंद्री : आमच्याकडे नक्की कोण आहे?

आकारावरून बराचसा उलगडा होतो. घरातला छोटा उंदीर १५ ते २० ग्रॅमचा असतो आणि त्याची लेंडी ३ ते ६ मिलिमीटरची, तांदळाच्या कणीसारखी असते. कौलांवरून, केबलवरून, पाइपवरून फिरणारा मोठा उंदीर १५० ते २५० ग्रॅमपर्यंत भरतो. त्याचे कान मोठे, शेपूट अंगापेक्षा लांब आणि लेंडी साधारण एक-सव्वा सेंटिमीटरची असते. घूस सहसा घरात राहत नाही. ती अंगणात, गटाराकाठी, जोत्याखाली बीळ करते आणि बिळाच्या तोंडाशी उकरलेल्या मातीचा ढीग पडतो.

चिचुंद्री उंदरांच्या जातीची नाही. लांब टोकदार नाक, बारीक डोळे, चिक् चिक् आवाज आणि उग्र वास ही तिची खूण. ती मुख्यतः झुरळं आणि किडे खाते, त्यामुळे धान्याच्या आमिषाला फारशी येत नाही. झुरळं कमी केली आणि मोरीला घट्ट जाळी बसवली की तिचं येणं थांबतं. तिच्यासाठी विष घालू नका.

३. एकच छोटा उंदीर दिसला. एवढ्यासाठी खटाटोप करायचा का?

करायचा, आणि त्याच आठवड्यात. मादी जेमतेम तीन आठवड्यांत विते, एका वेताला पाच-सहा पिल्लं होतात आणि ती पिल्लं दीड-दोन महिन्यांत स्वतः वितात. दिवसा उजेडी उंदीर दिसायला लागला, तर घरात गर्दी झाली आहे असं समजा.

४. आमचं स्वयंपाकघर स्वच्छ असतं, तरी उंदीर का येतात?

छोट्या उंदराला दिवसाला साधारण तीन ग्रॅम खाणं पुरतं. डब्यांमागे सांडलेल्या मूठभर ज्वारीत त्याचे दहा-बारा दिवस निघतात. पाण्याची सोय नसली तरी तो खाण्यातल्या ओलाव्यावर बराच काळ काढतो. म्हणून डोळ्यांना स्वच्छ दिसणारं घर त्याला भरलेलं असू शकतं. मिक्सरच्या खाली, गॅसच्या शेगडीखाली आणि कप्प्यात अंथरलेल्या कागदाखाली काय साठलं आहे ते पाहा. कुत्र्याची थाळी आणि कचऱ्याचा उघडा डबा रात्रभर तसाच राहू देऊ नका.

धान्य स्टीलच्या, घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवा. प्लास्टिकची बरणी तो कडेने कुरतडतो, पोत्याचं तर विचारूच नका. देव्हाऱ्याकडे लोकांचं लक्ष जात नाही. तिथल्या अक्षता, खडीसाखर आणि तेला-तुपात भिजलेल्या वाती उंदराला हव्याच असतात. पेटती वात ओढून नेली तर आग लागते. झोपण्याआधी दिवा शांत करा, किंवा काचेच्या बंद चिमणीत ठेवा.

५. आम्ही चौथ्या मजल्यावर राहतो. उंदीर येतो कुठून?

पाइपांवरून आणि पाइपांच्या भोकांतून. पेन्सिल आत जाईल एवढी, म्हणजे ६-७ मिलिमीटरची फट छोट्या उंदराला पुरते. मोठ्या उंदराला अंगठा जाईल एवढं भोक लागतं. खडबडीत भिंत, ड्रेनेजचा पाइप, केबल, खिडकीला टेकलेली झाडाची फांदी, यांतलं काहीही त्याला चढायला चालतं.

या जागा क्रमाने तपासा : सिंकखालचा पाइप भिंतीत शिरतो तिथलं भोक, एसीच्या पाइपसाठी पाडलेलं गोल भोक, ज्यातली पुट्टी सहसा गळून पडलेली असते, वॉशिंग मशीनचा पाइप ज्या मोरीत सोडला आहे तिची जाळी, एक्झॉस्ट पंखा, इंटरनेटची केबल, बाथरूमच्या फॉल्स सीलिंगची झडप, आणि मुख्य दाराखालची फट. रात्री घरातला दिवा मालवून बाहेरच्या पॅसेजमधला लावा. दाराखालून उजेड दिसतो तिथून उंदीर येऊ शकतो. कडेचा काळपट, तेलकट डाग म्हणजे रोजची वाट. उंदराचं अंग घासून तो पडतो.

६. फटी कशाने बुजवायच्या? फोम मारला होता, तो कुरतडून पुन्हा आला.

नुसता फोम, थर्माकोल, कापड, कागद, लाकडाची पट्टी हे सगळं तो कुरतडतो. फटीत आधी धातू हवा. भांडी घासायची तारेची घासणी (चपटी चकचकीत पट्टीवाली नको, बारीक तारेची) चमच्याच्या दांड्याने भोकात गच्च ठासा आणि वरून एक भाग सिमेंट, तीन भाग वाळू असं मिश्रण भरा. बरेच जण इथेच चुकतात : नुसतं ओलं सिमेंट भरतात आणि उंदीर त्याच रात्री ते उकरून काढतो. आत तार असली की त्याला उकरता येत नाही. दोन दिवस त्यावर पाणी शिंपडत राहा, नाहीतर कडेने भेग पडते. पाइपाभोवतीच्या बारीक फटीला तारेवर एम-सील चालतं.

जिथे कायम ओल असते तिथे तारेची घासणी एका पावसाळ्यात गंजते. अशा ठिकाणी ६ मिलिमीटर किंवा त्याहून लहान डोळ्यांची वेल्डेड जाळी कापून स्क्रूने बसवा. मोरीला स्टीलची, फिरवून लॉक होणारी जाळी घ्या. नुसती वर ठेवलेली जाळी मोठा उंदीर उचलतो. दाराखाली ॲल्युमिनियमची पट्टी अशी लावा की खाली पाच मिलिमीटरपेक्षा जास्त जागा उरणार नाही. रबराची पट्टी तो खातो.

एक गोष्ट कटाक्षाने पाळा. स्वयंपाकघरात गॅसच्या सुरक्षिततेसाठी ठेवलेला हवेचा झरोका बुजवू नका. त्याला जाळी लावा.

७. आधी फटी बुजवायच्या की आधी सापळे लावायचे?

आधी घराबाहेर उघडणारी भोकं बुजवा. त्याच रात्री आत सापळे लावा. लागोपाठ सात रात्री सापळ्यात काही आलं नाही आणि नवी लेंडी दिसली नाही, की आतल्या फटी (ओट्याखालच्या, कपाटामागच्या) बंद करा. उलट क्रम केला तर उंदीर ओट्याखाली कोंडला जातो आणि लाकूड, वायर, जे मिळेल ते कुरतडतो. आणि फटी उघड्या ठेवून सापळे लावले, तर एक जातो आणि जागा रिकामी झाली म्हणून दुसरा येतो. वर्षानुवर्षं उंदीर मारणारी घरं बहुतेक इथेच अडकलेली असतात.

८. सापळा कोणता, किती आणि कुठे?

छोट्या उंदरासाठी चापाचा सापळा सगळ्यांत भरवशाचा. चांगला चाप क्षणात मारतो, विष नाही आणि उंदीर भिंतीत मरत नाही. एक सापळा लावून महिनाभर वाट पाहण्यापेक्षा एका स्वयंपाकघरात पहिल्याच रात्री सहा ते आठ लावा. छोटा उंदीर बिळापासून तीन ते दहा मीटरच्या आतच फिरतो. म्हणून सापळे दोन-दोन मीटरवर ठेवा.

सापळा भिंतीला काटकोनात, आमिषाची बाजू भिंतीकडे. खोलीच्या मधोमध ठेवलेला सापळा वाया जातो. दिवसा चाप पाडून ठेवा. घरात रांगणारं मूल असेल तर दोन्ही टोकांना भोक पाडलेल्या खोक्यात सापळा ठेवा आणि खोकं जड वस्तूखाली दाबा.

मोठ्या उंदराची गोष्ट वेगळी. छोटा उंदीर नवी वस्तू लगेच हुंगायला येतो, मोठा तिला दोन-चार दिवस टाळतो. त्याच्यासाठी मोठा चाप किंवा पिंजरा घ्या, पहिल्या तीन रात्री आमिष ठेवून सापळा न लावता तसाच सोडा. त्याने निर्धास्त खायला सुरुवात केली की चौथ्या रात्री लावा.

९. आमिष खाऊन जातो, पण सापडत नाही. असं का?

बहुतेक वेळा आमिष जास्त असतं. अख्खं भजं ठेवलं की तो कडेने कुरतडून निघून जातो. हरभऱ्याएवढा तुकडा पुरे, आणि तो दोऱ्याने बांधा म्हणजे त्याला ओढावं लागेल. भाजलेलं सुकं खोबरं, तळलेलं भजं, शेंगदाण्याचा कूट तुपात मळून, सुकटीचा किंवा बोंबलाचा तुकडा, यांपैकी तुमच्या घरात ज्याचा वास नेहमी असतो ते आधी वापरा. आमिष रोज संध्याकाळी ताजं.

तरी जमत नसेल तर चापाचा खटका पाहा. काडीने हलकंसं टेकवल्यावर तो पडला पाहिजे. गंजला असेल तर खाण्याच्या तेलाचा एक थेंब सोडा. सापळा फिनेलने धुऊ नका. तीन रात्री काहीच झालं नाही, तर सापळा नव्या लेंड्या दिसतील तिकडे हलवा.

१०. चिकट पाट्या वापराव्यात का? आणि पिंजऱ्यात जिवंत सापडला तर काय करायचं?

चिकट पाट्या वापरू नका. चिकटलेला उंदीर तासन्‌तास, कधी दिवसभर तडफडत राहतो, घाबरून तिथेच मुततो आणि त्या मुतातूनच रोग पसरतो. पाल, चिमणी, मांजराचं पिल्लूही त्यात अडकतं. भारतीय प्राणी कल्याण मंडळाने या पाट्यांविरुद्ध सूचना काढल्या आहेत आणि अनेक राज्यांनी त्यांच्यावर बंदी घातली आहे. चुकून एखादा जीव चिकटलाच, तर हातमोजे घालून खाण्याचं तेल हळूहळू चोळा, गोंद सुटतो.

गणपतीचं वाहन म्हणून मारायचं नाही, असं बरेच जण कळवतात. त्यांनी प्रश्न ६ मधलं काम दुप्पट काळजीने करावं आणि पिंजरा वापरावा. पिंजरा रोज पहाटे पाहायचा. दिवसभर उन्हात विसरलेल्या पिंजऱ्यातला उंदीर तहानेने मरतो. सोडायचाच असेल तर वस्तीपासून दूर सोडा. गच्चीवर किंवा इमारतीच्या मागे सोडलेला परत येतो. पिंजरा पाण्यात बुडवून मारणं फार क्लेशाचं आहे. मारायचंच असेल तर सुरुवातीपासून चाप वापरा.

११. विषाच्या वड्या घालाव्यात का? कोणत्या?

घरात विष हा शेवटचा उपाय समजा. घालायचंच असेल तर ०.००५ टक्के ब्रोमॅडिओलोनच्या तयार वड्या घ्या. याने रक्त गोठण्याची क्रिया थांबते. उंदीर साधारण चार ते दहा दिवसांत मरतो, त्यामुळे बाकीच्यांना संशय येत नाही आणि ते खात राहतात. यावर व्हिटॅमिन के-१ हा उतारा आहे. वडी नुसती कोपऱ्यात टाकू नका. कुलूपबंद बेट बॉक्समध्ये (विषाची वडी ठेवायच्या खास पेटीत) तारेत ओवून ठेवा, नाहीतर उंदीर ती ओढून भलतीकडे नेतो. दोन-तीन मीटरवर एकेक, तिसऱ्या दिवशी पाहायचं, खाल्लेली भरायची, खाणं थांबलं की उरलेल्या सगळ्या मोजून काढायच्या.

काळी पूड, म्हणजे झिंक फॉस्फाइड, घरात नको. लसणीसारखा वास येतो ती हीच. ती पोटात गेली की फॉस्फिन वायू तयार होतो आणि तिला उतारा नाही. शिवाय अर्धवट खाऊन आजारी पडलेला उंदीर पुन्हा त्या आमिषाला शिवत नाही. टोमॅटोवर किंवा पावावर लावायची पिवळ्या फॉस्फरसची पेस्ट तर घरात आणूच नका. ती माणसाच्या पोटात गेली तर यकृत निकामी होतं, आणि तिलाही उतारा नाही. पहिल्या दिवशी माणूस बरा वाटतो आणि दोन-तीन दिवसांनी ढासळतो, हे तिचं सर्वांत घातक लक्षण. दात घासायच्या पेस्टशी गल्लत होऊन मुलांच्या तोंडात ती जाते.

धान्यात घालायच्या ॲल्युमिनियम फॉस्फाइडच्या गोळ्या उंदरांसाठी बिळात किंवा खोलीत ठेवणं म्हणजे घरच्यांच्या जिवाशी खेळ. ओलाव्याने त्यांतून निघणारा वायू भिंतींच्या फटींतून शेजारच्या खोलीतही जातो.

१२. मुलाने किंवा कुत्र्याने विष खाल्लं असं वाटतंय. आत्ता काय करू?

लक्षणांची वाट पाहू नका. उलटी करवू नका. दूध, तूप, मिठाचं पाणी काही पाजू नका. तोंडात उरलेलं बोटाने काढा, चूळ भरता येत असेल तर भरू द्या, आणि औषधाचं वेष्टण बरोबर घेऊन थेट मोठ्या रुग्णालयात जा. डॉक्टरांना वेष्टणावरचं नाव सर्वांत आधी हवं असतं, कारण प्रत्येक विषाचा उपचार वेगळा. रुग्णवाहिकेसाठी १०८. दिल्लीच्या एम्समधल्या राष्ट्रीय विष माहिती केंद्राचा निःशुल्क क्रमांक १८०० ११६ ११७ आहे. कुत्र्या-मांजरासाठी पशुवैद्याकडे त्याच दिवशी. ब्रोमॅडिओलोनचा रक्तस्राव दोन-चार दिवसांनी दिसतो, तोवर थांबू नका.

१३. उंदीर भिंतीत किंवा ओट्याखाली मेला, वास सहन होत नाही.

छोट्या उंदराचा वास थोड्या दिवसांत ओसरतो, मोठ्याचा दोन आठवडेही राहतो. पाइपाच्या भोकांपाशी नाक नेऊन आणि माश्या कुठे घोंघावतात ते पाहून जागा हेरा. ओट्याखालची फळी, फ्रिजचं मागचं झाकण, कपाटाचा तळ आधी उघडा. सापडला तर हातमोजे घालून, ब्लीचच्या पाण्याने भिजवून, दोन पिशव्यांत गुंडाळा. हात लागत नसेल तर फट घट्ट बंद करा, खिडक्या उघड्या ठेवा आणि कोळशाची वाटी ठेवा. अत्तर-उदबत्तीने वास दुप्पट होतो.

१४. लेंड्या कशा साफ करायच्या? झाडून काढल्या तर चालतं का?

कोरड्या झाडू नका. उडालेली धूळ नाकात जाते. खिडकी उघडा, मास्क आणि रबरी हातमोजे घाला. एक भाग ब्लीच, नऊ भाग पाणी असं मिश्रण लेंड्यांवर भरपूर शिंपडा, पाच-दहा मिनिटं भिजू द्या, मग जुन्या फडक्याने पुसून फडकं टाकून द्या. ब्लीचमध्ये संडास साफ करायचं ॲसिड कधीच मिसळू नका, विषारी वायू होतो. उंदराने तोंड लावलेलं धान्य आणि पीठ टाका, भांडी साबणाने धुवा.

लेप्टोस्पायरोसिस, म्हणजे उंदराच्या मुतातून पसरणारा तापाचा आजार, याची भीती कोरड्या लेंडीपेक्षा ओल्या मुतामुळे जास्त. हे जंतू साचलेल्या पाण्यात टिकतात आणि पायाच्या भेगेतून, जखमेतून शरीरात शिरतात. २६ जुलै २००५ च्या पुरानंतर मुंबईत लेप्टोची मोठी साथ आली ती याच वाटेने. तुंबलेल्या पाण्यातून चालून आलात तर पाय साबणाने धुवा आणि २४ ते ७२ तासांत डॉक्टरांना विचारून प्रतिबंधक गोळी घ्या.

१५. अल्ट्रासाउंडचं यंत्र, पुदिन्याचं तेल, डांबराच्या गोळ्या, मांजर : यांनी काम होतं का?

यंत्राचा आवाज कपाटापलीकडे जात नाही आणि उंदराला त्याची सवय होते. पैसे घालवू नका. पुदिन्याचा वास एक-दोन दिवसच टिकतो. डांबराच्या गोळ्या माळ्यावर ओळीने ठेवतात, पण काही तान्ह्या बाळांच्या रक्तातल्या लाल पेशी त्यांच्या वाफेने फुटतात. तान्हं बाळ असलेल्या घरात आणि बाळाच्या कपड्यांत त्या नकोतच. मांजर उंदीर पकडतं, मात्र ओट्याखालच्या पोकळीत ते शिरू शकत नाही. मांजर असेल तर विषाचा विचार सोडून द्या.

१६. फ्रिज आणि वॉशिंग मशीनच्या वायरी कुरतडल्या. काय करावं?

आधी प्लग काढा. उघड्या वायरीने शॉर्ट सर्किट होतं. फ्रिजच्या मागे कॉम्प्रेसरची ऊब असते म्हणून तो तिथे घर करतो. मशीनचा तळ उघडा असतो. दुरुस्तीनंतर तळाला बारीक जाळी बसवून घ्या. गाडी बरेच दिवस उभी राहत असेल तर आठवड्यातून दोनदा बॉनेट उघडून पाहा. डिक्कीत खाण्याची पिशवी ठेवू नका.

१७. गौरी-गणपतीत उंदीर जास्त का दिसतात?

मखराचा थर्माकोल, मागे गुंडाळलेल्या वायरी, फराळाचे उघडे डबे आणि रात्रभर राहिलेला नैवेद्य, सगळं एकाच कोपऱ्यात. आरतीनंतर नैवेद्य आणि प्रसाद झाकून आत ठेवा, निर्माल्य रोज काढा आणि मखर भिंतीपासून वीतभर पुढे घ्या, म्हणजे मागे हात घालून पाहता येईल. माळ्यावरून सजावटीची खोकी खाली काढताना हातमोजे घाला, घरटी बहुधा त्यांतच सापडतात.

१८. कौलारू घर आहे. सगळ्या फटी बुजवणं शक्यच नाही.

कौलांखालची सगळी हवा अडवू नका. धान्याची जागा तेवढी पक्की करा. पत्र्याची कोठी किंवा स्टीलची टाकी जमिनीपासून वीतभर उंच ठेवा, भिंतीला चिकटवू नका. खांबावर कोठी असेल तर खांबाला उलट्या नरसाळ्यासारखा पत्रा बसवा, त्यावरून उंदराला चढता येत नाही. घरावर टेकलेल्या फांद्या एक-दीड मीटर मागे छाटा. घुशीच्या बिळात आधी कागदाचा बोळा घाला. सकाळी तो बाहेर फेकलेला दिसला तर बीळ चालू आहे. मेलेलं बीळ बुजवून वेळ घालवू नका.

१९. शेजारी काही करत नाहीत. आमच्या एकट्याच्या प्रयत्नाने काय होणार?

तुमच्या घरापुरतं होईल, प्रश्न ६ नीट केलात तर. डक्ट, कचराकुंडी आणि तळमजल्यावरची गटारं मात्र सोसायटीनेच पाहिली पाहिजेत. कमिटीला लेखी द्या, फोटो जोडा. मुंबईत महापालिकेचं कीटकनियंत्रण खातं रस्त्यांवर आणि वस्त्यांत उंदीर मारण्याचं काम करतं, तिथे तक्रार नोंदवता येते.

२०. उंदीर चावला तर?

वाहत्या पाण्याखाली साबणाने १५ मिनिटं धुवा, मग त्याच दिवशी डॉक्टर. धनुर्वाताची सुई लागेल. बाकीचं काय ते डॉक्टर ठरवतील. पुढच्या तीन आठवड्यांत ताप, पुरळ किंवा सांधेदुखी झाली तर चावल्याचं आवर्जून सांगा. झोपलेल्या बाळाच्या बोटांना उंदीर चावतो. बाळाचे हात-तोंड झोपण्याआधी दूध पुसून धुवा.

२१. विष घातलेलं नाही, तरी अंगणात एकदम बरेच उंदीर मेलेले दिसतात. काळजीचं कारण आहे का?

बहुतेकदा शेजारी कुणीतरी विष घातलेलं असतं, तेवढी चौकशी करा. कुणीच घातलं नसेल तर हात लावू नका आणि प्राथमिक आरोग्य केंद्राला त्याच दिवशी कळवा. प्लेगमध्ये आधी उंदीर पटापट मरतात आणि त्यांच्या अंगावरच्या पिसवा माणसांकडे वळतात. १९९४ च्या ऑगस्टमध्ये बीड जिल्ह्यातल्या मामला गावात प्लेगची साथ आली, तेव्हाही आधी उंदीर मेले होते. मेलेले उंदीर उचलून नेण्याचं काम आरोग्य कर्मचाऱ्यांवर सोडा. तोवर मुलांना आणि कुत्र्या-मांजरांना त्या भागापासून लांब ठेवा. घरात कुणाला ताप येऊन जांघेत किंवा काखेत गाठ आली तर एक रात्रही थांबू नका.